पस्तिसावर एक

आमच्या गल्लीतल्या एका पोरानं भंडाऱ्यात ट्रॅव्हल्सचं ऑफिस टाकलं आहे. ऑफिस म्हणजे दहा बाय बाराचा गाळा. आधी तिथे सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि दमट हवेत भिंतींतून अजून पंक्चरच्या सोल्यूशनचा वास पाझरतो. त्या वासावर आता केदारनाथ चिकटवला आहे. शेजारी ताजमहाल, त्याच्या शेजारी एक निळाशार समुद्र. तो नेमका कुठला हे पोरालाही ठाऊक नाही; गिऱ्हाईक ज्या गावाचं नाव घेईल त्या गावचा तो होतो. फार समजूतदार समुद्र आहे. समोर लाल प्लॅस्टिकच्या चार खुर्च्या. दुपारी दोन ते चार त्यांतली एक माझी असते. पेन्शनीत निघालेल्या माणसाला पंख्याखालची खुर्ची आणि न मागता येणारा चहा एवढं तीर्थ पुरतं, आणि पोरालाही चारही खुर्च्या रिकाम्या दिसण्यापेक्षा एखादीवर म्हातारा बसलेला बरा वाटतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला मी गिऱ्हाईक वाटतो. गेली दोन वर्षं मी तिथे बसून चारधामला निघण्याच्या बेतात दिसतो आहे. थोडंफार पुण्य एव्हाना जमा झालं असेल.

“काकाजी,” पोरगा एकदा म्हणाला, “सिंगल पॅसिंजरमंदी काई नाई. ग्रुप पायजे. ग्रुप.”

मृग कोरडा गेल्यावर शेतकरी जसा ‘पानी’ म्हणतो, तसा तो ‘ग्रुप’ म्हणाला. मग त्यानं वहीच्या मागच्या पानावर मला हिशेब मांडून दाखवला. बस पस्तीस सीटची. बारा माणसं बसली तरी डिझेल तेवढंच, टोल तेवढाच, ड्रायव्हर तोच आणि आचारी तोच. बाविसाव्या माणसापर्यंत तो पदरमोड करून लोकांना देव दाखवतो. तेविसावा माणूस चढला की त्याच्या घरची चूल पेटते. म्हणजे बाविसापर्यंत पुण्य आणि तेविसापासून धंदा. इतकी स्वच्छ सीमारेषा मी दुसऱ्या कुठल्या व्यवसायात पाहिली नाही. ग्रुप जमवून आणणाऱ्यासाठी त्यानं योजनाही काढली होती, चौतिसावर एक सीट फुकट. आता फक्त तसं पत्रक लिहायचं राहिलं होतं. “तुमी लिहिता ना काकाजी, असं काई लिहा का ग्रुपच्या ग्रुप आला पायजे.” त्याचं आधीचं पत्रक मी पाहिलं. ‘सुवर्णसंधी’ चार वेळा आणि ‘त्वरा करा’ सहा वेळा. ते वाचून गाडी चुकल्यासारखी धाप लागायची. मी लिहितो म्हणालो, आणि त्या दिवसापासून पत्रक सोडून बाकी सगळं मनात येत राहिलं.

ग्रुप हा शब्द आमच्याकडे नवा, वस्तू जुनी. महाशिवरात्रीच्या सुमाराला तुमसर तालुक्यातल्या गायमुखाला, नाहीतर थेट पचमढीच्या मोठ्या महादेवाला माणसांचे जथे निघतात. खांद्यावर त्रिशूळ, ओठांवर महादेवाची गाणी, पाठीवर शिदोरी. अशा जथ्याला झाडीपट्टीत ‘पोहा’ म्हणतात. पुण्याच्या एका पाहुण्यांना मी सहज म्हणालो, “उद्या पहाटे आमच्या गावचा पोहा निघतो, बघायला चला.” ते क्षणभर थांबले आणि हळूच म्हणाले, “एकच?” चूक त्यांची नव्हती. पुण्यात पोहे अनेकवचनी असून एका बशीत मावतात. आमच्याकडे पोहा एकवचनी असून त्यात दीडशे माणसं असतात. आणि त्या दीडशेंतल्या एकालाही कोणी पत्रक वाटलेलं नसतं. शेजारचा निघाला म्हणून हा निघालेला असतो. पहिला कोण निघाला म्हणून शोधत गेलं, तर शेवटी गावाबाहेरच्या एखाद्या नवसापाशी येऊन वाट संपते.

तसं पाहिलं तर आमच्या जिल्ह्यातली वर्गणीची यादी फार जुनी आहे. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन झालं आणि इसवी सनापूर्वीचा बौद्ध स्तूप उजेडात आला. त्याच्या दगडी कठड्याच्या अवशेषांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. दान अमक्याचं, दान तमकीचं. मी त्या टेकडीवर उभा राहतो तेव्हा मला मौर्य-शुंगांपेक्षा तो माणूस आठवत राहतो, जो घरोघर फिरून म्हणाला असेल, “तुमच्याकडून एक खांब लिहून घेऊ?” त्याचं नाव मात्र कुठल्याच दगडावर नाही. वर्गणी गोळा करणाराची हीच गत असते. यादी त्याच्या हातची, म्हणून यादीत तोच नसतो.

एसटीची ‘प्रासंगिक करार’ ही संज्ञाही मला फार आवडते. लग्नाला, सहलीला, देवदर्शनाला अख्खी गाडी ठरवली की कागदावर तसं लिहितात. कालिदासाच्या नाटकात शोभेल असा शब्द त्या लाल गाडीच्या काचेवर चुन्यानं लिहिलेला असतो, आणि आत नवऱ्या मुलाची आत्या खिडकीवरून भांडत असते. आषाढीला एखाद्या गावातून चाळीसेक वारकरी एकत्र निघणार असतील तर एसटी त्यांना न्यायला थेट गावात येते. माणसं जमली की गाडी येते, हा तिचा नियम. आमचा पोरगा मात्र आधी गाडी ठरवून बसतो आणि मग माणसांची वाट बघतो.

एकट्या माणसाला विकण्यात काही नाही हे आधुनिक जगाच्या ध्यानात आलं ते थॉमस कुक या इंग्रजामुळे, असं म्हणतात. हा गृहस्थ सुतारकाम करणारा आणि दारूबंदीचा प्रचारक. १८४१ सालच्या ५ जुलैला त्यानं दारूबंदीच्या सभेसाठी सुमारे पाचशे माणसं लेस्टरहून लफबरोला खास गाडीनं नेली आणि परत आणली. भाडं एक शिलिंग, जाऊन-येऊन. लफबरो लेस्टरपासून फार लांब नाही. म्हणजे जगातली ही गाजलेली ग्रुप टूर भंडाऱ्याहून मोहाडीला जाऊन यावं तशी होती. पुढे त्याच्या नावाची कंपनी जगभर पसरली, आणि २३ सप्टेंबर २०१९ ला, १७८ वर्षांनी, एका पहाटे बंद पडली. तेव्हा तिचे दीडेक लाख ब्रिटिश प्रवासी परदेशात होते आणि त्यांना घरी आणायला सरकारला विमानं पाठवावी लागली. मी ही बातमी वाचली तेव्हा मला त्या दीड लाखांपेक्षा १८४१ चे पाचशे आठवले. संध्याकाळी लेस्टरच्या फलाटावर उतरताना त्यांना कुकनं नक्की मोजलं असणार.

मुंबईत १९८४ साली केसरी टूर्स सुरू करून मराठी मध्यमवर्गाला रांगेनं जग दाखवणारे केसरीभाऊ पाटीलही मूळचे शिक्षक. हे दोन दाखले हाती येताच मी लाल खुर्चीत ताठ बसलो. एक प्रचारक, एक मास्तर. दोघांनाही आयुष्यभर एकच सवय, समोरची डोकी मोजायची. ग्रुप जमतो तो सवलतीपाशी जमत नाही; जो आपल्याला मोजेल आणि एक कमी भरला तर गाडी सोडणार नाही, अशा माणसापाशी जमतो. मी हे पोराला मोठ्या उत्साहानं सांगितलं. तो म्हणाला, “बरोबर हाय काकाजी, पन हे पत्रकात कसं टाकाचं?”

पत्रकात टाकण्यासारख्या गोष्टी त्याच्या चुकांनीच त्याला शिकवल्या होत्या. पहिल्या वर्षी त्यानं काशी-प्रयाग-गया काढली ती जुलैत, कारण तेव्हा बस स्वस्त मिळते आणि धर्मशाळा रिकाम्या असतात. जुलैत भंडारा जिल्हा रोवणीत असतो. बायका कंबरेत वाकलेल्या, पुरुष चिखलात, बांध्यांमधून पाणी आणि गाणी. त्या दिवसांत खुद्द विश्वनाथ दारात आला तरी लोक त्याला म्हणतील, “बसा देवा, परे उपटून झाले का मग बोलू.” दुसऱ्या वर्षी त्यानं दिवाळीनंतर काढली. तेव्हा धान कापणीला आलेलं, आणि गावोगाव मंडई. आपल्या गावची मंडई झाल्याशिवाय, त्या रात्रीची दंडार किंवा नाटक पाहिल्याशिवाय माणूस कुठे हलत नाही. लेकी-जावई आलेले असतात, त्यांना सोडून काशीला गेलं तर काशीही पावायची नाही. धान विकलं गेलं, पैसे खात्यात आले, उन्हाळी धानाची गडबड अजून सुरू व्हायची आहे, अशी एक चिंचोळी फट जानेवारीत सापडते. आमच्या जिल्ह्याचा देव त्या फटीत राहतो. आमच्या मामा तलावांवर, म्हणजे माजी मालगुजारी तलावांवर, लांबून येणारे पाहुणे पक्षीही त्याच सुमाराला थव्यानं उतरलेले असतात. त्यांच्या तारखा कधी चुकत नाहीत, आणि त्यांच्यात आगाऊ रक्कम कोण भरतो ते कळत नाही.

दुसरी चूक जेवणाची. पत्रकात त्यानं दिमाखानं ‘पंजाबी डिश’ छापलं होतं. भाताच्या गावची माणसं. ती ताजमहाल पाहतील, कुतुबमिनार पाहतील, पण रात्री ताटात भात दिसला नाही तर दोन्ही इमारती त्यांच्या डोळ्यांसमोरून पुसल्या जातात. आता बसच्या टपावर चिन्नोरचं पोतं जातं. आचारी आपला, तांदूळ आपला. गंगा तेवढी तिकडची. रेल्वेचा विचारही त्यानं करून पाहिला. स्टेशन वरठीला, भंडाऱ्याबाहेर. आरक्षणाच्या एका फॉर्मवर सहाच नावं मावतात. आणि ज्येष्ठांच्या ग्रुपमध्ये जेवढी माणसं त्याच्या दुप्पट गुडघे, त्या सगळ्यांना खालचा बर्थ रेल्वेनं द्यावा तरी कुठून? त्यात २०२४ पासून सरकारनंच मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना काढली, साठीच्या पुढच्या माणसांसाठी, माणशी तीस हजारांपर्यंत. “आता सरकारच ग्रुप करून रायलं,” पोरगा म्हणाला, आणि समुद्राच्या पोस्टरकडे बघत बसला. समुद्रानंही त्या दिवशी कुठल्याच गावाचं नाव घेतलं नाही.

शेवटी मी त्याला बाईंकडे नेलं.

बाई म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीसेक वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. पोरगा चौथीत त्यांच्याच हाताखाली होता, म्हणून तो त्यांच्या ओसरीवर खुर्चीच्या अगदी कडेला बसला, उठायला सांगितलं तर पटकन उठता यावं असा. बाई दर वर्षी कुठेतरी जातात आणि एकट्या कधीच जात नाहीत. त्यांच्याजवळ दोनशे पानी एक वही आहे. तिच्यापुढे जगातल्या सगळ्या जाहिराती मला पोरकट वाटतात. एका पानाला एक यात्रा. अनुक्रमांक, नाव, जमा, बाकी, आणि शेवटी शेरा. खरी वही शेऱ्यात आहे. डावा गुडघा, पायरी उंच नको. घोरतात, मागे बसवणे. कांदा-लसूण नाही, भजी चालतात. घाटात उलटी, लिंबू आपणच घेणे, ती विसरते. एका शेऱ्यात नुसतं ‘धुरा’ लिहिलं होतं. मी विचारलं तर बाई म्हणाल्या, “या दोन घरांचं शेताच्या धुऱ्यावरून भांडण आहे. यांना शेजारी बसवत नाही. पण फार लांबही नाही बसवत. गेल्या साली अमरकंटकला एकीची चप्पल हरवली, तर दुसरीनं न बोलता आपली जोडी तिच्यापुढे सरकवली.” पोरगा ती वही असा बघत होता, जसा मी लहानपणी जत्रेतला बारा मण लाडूंचा हलवाई बघायचो. बचत गटातल्या बायका, भजनी मंडळ, निवृत्त शिक्षक, नवऱ्यामागे आयुष्यात पहिल्यांदा मोकळ्या झालेल्या चार-पाच जणी. सगळी गिऱ्हाइकं त्या निळ्या रेघांवर हारीनं बसली होती.

त्यानं घसा साफ करून योजना सांगितली. चौतीस जण झाले की ग्रुप करणाऱ्याला एक सीट फुकट.

“मला नको,” बाई म्हणाल्या. “फुकटात बसलं की कुरकुर करता येत नाही. भात कच्चा राहिला तर तुला कोण सांगेल? मी पैसे भरून येईन.”

धंद्याच्या इतिहासात अशी घासाघीस झाली नसेल. पोरगा सीट द्यायला बघतो, बाई पैसे द्यायला बघतात, आणि मध्ये चहा निवतो. अखेर बाईंनी अटी सांगितल्या. दोन्ही वेळा भात. दर दोन तासांनी गाडी थांबवायची, आणि थांबवायची ती जिथे बायकांना दार असलेली जागा मिळेल तिथेच. पंपवाल्याशी आधी बोलून ठेवायचं. पैसे महिन्याच्या हप्त्यानं, भिशीसारखे. आणि शेवटची अट, परतीच्या प्रवासात जबलपूर सुटलं की पुढल्या वर्षीचं विचारायचं. “तेव्हाच का?” पोरानं विचारलं. “तेव्हा घर जवळ आलेलं असतं आणि ऊर भरून आलेला असतो,” बाई म्हणाल्या. “घरी पोचली की माणसं कमरेला तेल चोळत बसतात. मग कोणाला रामेश्वर आठवतो?” पोरानं हे हातावर लिहून घेतलं. फुकट सीटचं काय झालं ते मला नंतर वहीतच दिसलं. शाळेत मुलांची खिचडी शिजवणारी एक बाई, जी नागपूरच्या पलीकडे कधी गेली नव्हती, तिच्या नावापुढे ‘जमा’च्या रकान्यात पूर्ण रकमेची बरोबरची खूण होती. हप्त्याची एकही तारीख नव्हती. त्या दोनशे पानांतली तेवढीच एक नोंद खोटी असावी, आणि तीही बाईंनी लाल शाईनं, पक्की केली होती.

घरी येऊन मी माळ्यावरची ट्रंक उघडली. आत आईचा फिरकीचा तांब्या आहे. भंडारा पितळेचं गाव. हा तांब्याही इथल्याच भट्टीतला. झाकणाला आटे, म्हणून गंगा भरून आणली तरी सांडत नाही. पोटावर ठोकून आईचं नाव घातलेलं. मी दहावीत होतो त्या वर्षी आईनं काशीला जायचं ठरवलं होतं. कोंबड्यांची अंडी, शिवणकाम, धान निवडल्यावर मागे उरलेली कणकी विकून आलेले आणे-रुपये, असं साठवत साठवत पैसे भरले होते. निघायला आठ दिवस असताना बाबा बंडीवरून पडले आणि पाय मोडून बसले. पैसे दवाखान्यात गेले, आई घरी राहिली. शेजारच्या काकू निघाल्या तेव्हा तिनं तांब्या त्यांच्या हातात दिला. तो गेला, गंगा भरून परत आला. पुढे जो कोणी निघेल त्याच्याबरोबर जायची त्याला सवयच लागली. माझ्या मोजणीप्रमाणे तो चारदा काशीला आणि एकदा रामेश्वरला जाऊन आला आहे. आई एकदाही नाही. दर वर्षी काही ना काही कारण निघालंच. रोवणी, बाळंतपण, माझी बदली.

पण तांब्या परत आणून देणाऱ्या बाईला आई अशी सोडत नसे. तिला पाटावर बसवून, गूळपाणी देऊन, घाटाच्या पायऱ्या किती, नाव कशी हलली, धर्मशाळेत पाणी कुठून आणायचं, हे सगळं काढून घ्यायची. आणि वर्षं गेली तशी एक मौज झाली. आई ते स्वतःचं म्हणून सांगू लागली. “आपण दुर्गाकुंडापाशी होतो ना, तेव्हा त्या माकडानं मास्तरांचा चष्मा नेला,” असं ती माझ्या मुलांना सांगायची. आणि चष्म्याबद्दल चार केळी कशी द्यावी लागली ते सांगताना तिला हसू आवरत नसे. मी कधी खोडून काढलं नाही. पाचपैकी एखाद्या तरी खेपेला ती त्या तांब्याबरोबर गेली नसेल, हे मी कशावरून सांगू?

जानेवारीतल्या एका पहाटे चार वाजता बस त्रिमूर्ती चौकातून निघायची होती. धुकं असं, की दिव्याच्या खांबाला दिवाच तेवढा होता, खांब नव्हता. बोचकी टपावर चढत होती. दोन मुलगे, तीन सुना आणि एक नातू मिळून एका आजीला चढवत होते आणि ती चढताचढता गाय कोणाच्या हातानं दूध देते ते सांगत होती. पोरगा कानटोपी घालून दारात उभा होता. गेले पाच महिने तो या पस्तीस माणसांच्या स्वप्नात झोपला होता, आणि आता ती खरीच आलेली पाहून त्याला काय करावं सुचत नव्हतं. मी तांब्या मफलरीत गुंडाळून आणला होता. बाईंना द्यावा म्हणून आत चढलो. त्याच वेळी बाईंनी पेननं एकेका सीटच्या पाठीला स्पर्श करत मोजायला सुरुवात केली होती, म्हणून मी मध्येच अंग चोरून उभा राहिलो.

“छत्तीस,” बाई म्हणाल्या.

गाडीत शांतता पसरली. एक कमी भरणं सगळ्यांच्या ओळखीचं असतं. दहा जण नदी उतरून आले, जो तो स्वतःला सोडून मोजत राहिला आणि नऊच भरले म्हणून रडत बसले, ही वेदान्ताची गोष्ट कीर्तनात ऐकून सगळ्यांना पाठ आहे. दहावा तूच, असं सांगणारा कोणीतरी भेटतो आणि गोष्ट संपते. पण एक जास्त भरला तर काय करायचं, हे कुठल्या कीर्तनात सांगत नाहीत. बाईंनी पुन्हा मोजलं. छत्तीस. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. जो तो शेजाऱ्याकडे संशयानं बघू लागला. धुऱ्यावाल्या दोघींनी तर एकमेकींकडे जरा जास्तच बघितलं. तेवढ्यात बाईंचं पेन माझ्या खांद्याला लागलं.

“तुम्ही कुठे येऊन रायले?”

“मी? तांब्या द्यायला.”

मग गाडी हसली. थंडीत हसलेल्या पस्तीस माणसांची वाफ काचांवर बसली. मीही हसलो, आणि हसता हसता माझ्या ध्यानात आलं, की निवृत्त झाल्यापासून मला कोणी कशात मोजलं नव्हतं. आज चुकून का होईना, दोनदा मोजलं. मफलर सोडून मी तांब्या त्यांच्या हातात दिला. बाईंनी तो दिव्याखाली धरला आणि पोटावरचं नाव बोटानं चाचपत वाचलं. आईला त्या ओळखत होत्या. शाळेच्या पहिल्या नोकरीत त्या आमच्याच वाड्यात भाड्यानं राहायच्या.

त्या काही बोलल्या नाहीत. वही मांडीवर घेऊन त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं. समोर बसलेल्याचं लिखाण उलट्या बाजूनं वाचायची कारकुनी सवय मला अजून आहे. पस्तिसाव्या नावाखाली त्यांनी ३६ आकडा टाकला. पुढे आईचं नाव लिहिलं, पूर्ण, तांब्यावर होतं तसं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘खिडकी. जाऊन-येऊन.’ मग पेन जरा मागे नेलं, आणि ‘जमा’च्या खाली बरोबरची खूण केली.